आवाज थांबला की

सुमित्रा मंगळवारी सकाळी खुर्चीवरून घसरली आणि वीस मिनिटं फरशीवर पडून हाका मारत राहिली. तिचा नवरा बंडू रहाळकर तेव्हा भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात कणीक तिंबत होता. त्याला एकही हाक ऐकू आली नाही.

वीस मिनिटं हा अंदाज नव्हता. सकाळच्या मालिकेत पहिल्या जाहिराती लागल्या तेव्हा आपण घसरलो, असं सुमित्रानं नंतर सांगितलं. बंडू पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला तेव्हा मालिका संपून पडद्यावर नावं सरकत होती. त्यानं घड्याळाशी ताळा करून पाहिला. वीस.

ती उजव्या कुशीवर पडली होती. ती बाजू पाच महिन्यांपूर्वी लकव्यानं गेलेली. अंगाखाली अडकलेला हात तिला सोडवता आला नव्हता. डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे लागलेले. बंडूनं पेला खाली ठेवला. तिला हाताला धरून ओढलं नाही. वजन कसं उचलायचं ते त्याला ठाऊक होतं. तो उकिडवा बसला, तिच्या काखेखाली खांदा दिला आणि पाठ सरळ ठेवून गुडघ्यांच्या जोरावर उठला. एकोणसत्तराव्या वर्षी गुडघ्यांनी तक्रार केलीच.

"हाका... मारल्या," सुमित्रा म्हणाली. लकव्यानं तिचा आवाज सुतासारखा बारीक करून टाकला होता. बंडूनं शब्द तिच्या ओठांवरून वाचले.

"नाही आल्या ऐकू," तो म्हणाला. 

रहाळकरांचं घराणं भोसल्यांच्या काळात दप्तर सांभाळायला जबलपुरात आलं. पुढच्या पिढ्यांत मास्तर झाले, वकील झाले, कचेरीतले बाबू झाले. हातात पाना धरणारा सगळ्या गोतावळ्यात बंडू एकटा. आयटीआय करून तो मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात लागला. अकरा वर्षं घणाच्या खात्यात, सत्तावीस वर्षं लेथवर लोखंड कातत. लग्नकार्यात चुलते ओळख करून देत, "हा आमचा बंडू, कारखान्यात असतो," आणि घाईनं दुसऱ्याकडे वळत. बंडूला त्याचं काही वाटत नसे. सत्तावीस वर्षांत त्याच्या हातचे चार नग तपासणीतून परत आले होते, आणि चारही त्याला आठवत होते. चुलत्यांपैकी कोणाला आपल्या चुका अशा मोजून सांगता आल्या नसत्या.

घणानं त्याच्या कानांतले बारीक आवाज खाल्ले होते. ढोल ऐकू येई, चिमणी येत नसे. कानात घालायचं यंत्र त्यानं दोनदा घेतलं. दोन्ही वेळा शिटीशिवाय काही हाती लागलं नाही. सुमित्रा आजारी पडल्यावर तिच्या हाताशी पितळी घंटा ठेवली. मग बिनतारी बेल आणली. दोन्ही वाजत, शेजारी दार उघडून बघत, बंडूला पत्ता लागत नसे.

त्याला ऐकू येई तो साउंडबार. टीव्हीखाली ठेवलेला हातभर लांब काळा ठोकळा. मुलीनं, प्रतिमानं, दिवाळीत पुण्याहून पाठवलेला. त्याचा आवाज जाड होता. भिंत ओलांडून यायचा, तळपायांना फरशीतून लागायचा. सुमित्रा दिवसभर टीव्हीसमोर बसून असे आणि बंडू घरभर काम करत असे.

पडण्याची गोष्ट त्यानं स्वतःच प्रतिमाला कळवली. लपवणं त्याला जमत नव्हतं. संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. ओठ दिसल्याशिवाय बाबांना समजत नाही हे तिला माहीत होतं. फोनचा आवाज नेहमीप्रमाणे पूर्ण मोठा होता.

"बाबा, आता पुरे. मी या रविवारी येऊन राहिले. परतीची दोन तिकिटं काढलीत. माझं आणि आईचं."

"आणि मी?"

"तुम्हीही चला ना. पण तुम्ही येणार नाही, मला माहीत आहे."

"तिथं ती कोणाशी बोलेल? तू दिवसभर बँकेत."

"इथं कोणाशी बोलते, बाबा? फरशीशी?"

बंडूनं फोन उलटा करून टेबलावर ठेवला. बाहेरच्या खोलीत जाऊन सुमित्राला म्हणाला, "प्रतिमा रविवारी येते." तिकिटांचं बोलला नाही.

बुधवारी दुपारी पोळ्या लाटताना त्याचा हात मध्येच थांबला. काय झालं ते त्याला आधी कळलं नाही. लाटणं तसंच धरून तो बाहेर आला. टीव्ही काळा. वीज गेली होती.

"काहून आले?" सुमित्रानं विचारलं.

"आवाज थांबला."

एवढं बोलून तो जागीच उभा राहिला. कारखान्यात ठार बहिऱ्या कामगारालाही एक गोष्ट ऐकू येते, चालतं मशीन थांबलेलं. दुपारच्या पाळीत लेथला टेकून डुलक्या घेणारे लोक पट्टा तुटला की सगळ्यांच्या आधी जागे होत. हाक नाही, घंटा नाही, बेल नाही. आवाज थांबायला हवा.

वीज आली. टीव्ही बोलू लागला. "सुमित्रा, आवाज बंद कर बरं," तो म्हणाला.

तिनं डाव्या हातात टीव्हीचा रिमोट घेतला आणि आवाज बंद करायचं बटण दाबलं. पडद्यावर खूण उमटली. साउंडबार बोलतच राहिला. त्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या रिमोटवर चालत असे. तो रिमोट पत्त्यासारखा चपटा, बटणं सपाट, बोटाला काही लागेच ना. सुमित्रानं तो दोनदा धरला, दोनदा पाडला. टीव्हीचा रिमोट मात्र सहा वर्षं तिच्या मुठीतला होता. न बघता तिचा अंगठा हव्या त्या बटणावर जाई.

म्हणजे काम एकच होतं. टीव्हीच्या रिमोटनं बार थांबला पाहिजे. मुदत रविवार.

गुरुवारी सकाळी शेजारच्या भानुमतीबाईंना सुमित्राजवळ बसवून तो रांझीतल्या घरून ऑटोनं नेपियर टाउनला गेला. तिथं शैलेंद्रचं टीव्ही-रेडिओचं जुनं दुकान होतं. बंडूनं त्याच्या तोंडाकडे बघत सगळं सांगितलं.

"अंकल, सीधी बात," शैलेंद्र म्हणाला. "दोनों का एक नया रिमोट ले जाओ."

"नया नहीं चलेगा. उसके अंगूठे को पुराना याद है."

शैलेंद्रनं मान डोलावली. "अभी कौन सी वायर लगी है? काली, पतली? सिरे पे लाल लाइट?"

"वही."

"तो बस. उस वायर से आवाज जाती है, हुकुम नहीं जाता. ये एचडीएमआय लगाओ. टीवी के पीछे तीन छेद होंगे, जिसपे एआरसी लिखा हो उसी में. फिर सेटिंग में जाके सीईसी चालू करना. टीवी का रिमोट बार को चलाएगा."

घरी येऊन बंडूनं टीव्हीमागे दाढीचा आरसा धरला आणि टॉर्चच्या उजेडात आरशातली उलटी अक्षरं लावत बसला. तिसऱ्या छेदावर एआरसी होतं. वायर बसवली. सेटिंग शोधायला पाऊण तास लागला, पण सापडली. एका काळ्या मण्याचा अर्धा भाग कानशीनं घासून त्यानं आवाज बंद करायच्या बटणावर चिकटवला, अंगठ्याला लागावा म्हणून. रिमोट लांब नाडीनं खुर्चीच्या हाताला बांधला, फरशीवरूनही ओढून घेता यावा म्हणून.

"दाब."

तिनं दाबलं. खोली गप्प झाली. सुमित्राचा चेहरा डाव्या बाजूनं हसला.

बंडू स्वयंपाकघरात गेला, पाठ करून उभा राहिला. आवाज थांबला, तो आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. आठव्या वेळी सुमित्रा म्हणाली, "पुरे हो. अंगठा दुखून राहिला."

"दहा," बंडू म्हणाला.

दहापैकी दहा वेळा जमलं. जुनी काळी वायर त्यानं तशीच राहू दिली. चांगली लागलेली वायर काढायची कशाला? एक बिघडली तर दुसरी राखीव. निजताना त्यानं रोजच्याप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद केलं. चालू मशीन सोडून पाळीवरून घरी जाणाऱ्यांतला तो नव्हता.

शुक्रवारी सकाळी बटण लावलं, टीव्ही लागला, बार घुमू लागला. सगळं कालच्यासारखं. बंडू चहा ठेवायला वळला आणि थांबला. पाळीचा पहिला नग तपासल्याशिवाय त्यानं कधी दुसरा लावला नव्हता.

"दाब."

सुमित्रानं दाबलं. बार बोलत राहिला.

"नीट दाब."

"नीटच दाबून राहिले." तिनं पुन्हा दाबलं. पडद्यावर खूण आली, गेली, आली. बार बोलत राहिला.

बंडू टीव्हीकडे परत आला. तो तसाच आत गेला असता तर दिवसभर त्या आवाजावर विसंबून राहिला असता. ती पडली असती, बटण दाबत राहिली असती, आणि त्याला वाटलं असतं की सगळं ठीक आहे. मंगळवारपेक्षाही हे वाईट होतं. मंगळवारी निदान तिला कोणी शब्द दिला नव्हता.

त्यानं वायर काढली, फुंकली, परत बसवली. चालू लागलं. सैल बसली असेल, असं त्यानं ठरवलं आणि त्या दिवशी दर तासाला तपासलं. दर तासाला ठीक.

शनिवारी सकाळी पुन्हा तेच. बार बोलत राहिला.

या वेळी सुमित्रानं रिमोट मांडीवर ठेवून दिला. "राहू द्या," ती म्हणाली. तिच्या तोंडचे हे शब्द बंडूनं पाच महिन्यांत पहिल्यांदा वाचले. कोपरावर मंगळवारचा डाग जांभळा पडला होता.

"राहू द्या काय? उद्या सकाळी प्रतिमा येते."

त्यानं शैलेंद्रला मेसेज केला की रोज सकाळी बिघडतं. उत्तर आलं, रीसेट करा, नाहीतर बार बदला. बंडूनं फोन खिशात टाकला. रीसेट करून दिवसभर चाललं असतं आणि उद्या सकाळी, प्रतिमासमोर, पुन्हा बिघडलं असतं. रोज सकाळी बिघडणारी वस्तू सैल नसते. तिला सकाळी काहीतरी होत असतं.

तो स्टूल घेऊन टीव्हीसमोर बसला. भिंतीवरचं बटण बंद केलं, चालू केलं. नुसतं बघत राहिला. परत बंद, परत चालू. सहाव्या वेळी त्याला दिसलं. टीव्ही आणि बार एकाच बटणावर होते. बटण लावलं की टीव्ही आधी जागा होई. बारचा दिवा तेव्हा अजून लुकलुकत असे. टीव्ही नव्या वायरीतून बारला एकदा हाक मारी, उत्तर आलं नाही की नाद सोडून देई. मग बार उठे. तोवर नवी वायर मुकी झालेली, पण जुन्या काळ्या वायरीतून आवाज येतच असे. बार तो पकडून बोलू लागे. आवाज तोच, तेवढाच. हुकूम मात्र पोचत नव्हता.

राखीव म्हणून ठेवलेली वायरच फसवत होती.

बंडू स्टुलावरून उठला. चूक त्याची होती, आणि ती एका कामगारानं करावी अशी नव्हती. क्रेनचा ब्रेक वीज असताना सुटतो आणि वीज गेली की आपोआप आवळतो. बिघाड झाला तर ओझं जागीच लटकून राहावं म्हणून. सुरक्षेची वस्तू बिघडली तर तिनं काम थांबवलं पाहिजे, काम चालल्याचा देखावा करता कामा नये. हे तो कारखान्यात नव्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आला होता.

त्यानं काळी वायर उपटून काढली. बारची पिन दुसऱ्या बटणावर नेली. आधी बारचं बटण. दिवा स्थिर होईपर्यंत वीस आकडे. मग टीव्हीचं. लेथलाही आधी तेलाचा पंप लावतात, मग मोटर.

"दाब."

शांतता.

त्यानं दोन्ही बटणं बंद करून हे बारा वेळा केलं. तेराव्या वेळी मुद्दाम चुकीच्या क्रमानं लावलं. बार गप्प राहिला, टीव्हीच्या पोटातून पातळशी कुजबुज आली. स्वयंपाकघरात त्यातलं काही पोचत नव्हतं.

"रोज असे आकडे मोजणार?" सुमित्रानं विचारलं.

"रोज."

"विसरले तर?"

"विसरलो तर आवाजच येणार नाही. मग मी बघायला येईन. चुकलं तरी येईन."

सुमित्रानं रिमोट परत हातात घेतला.

रविवारी दहाच्या सुमाराला प्रतिमा आली. बॅग दारात ठेवून तिनं आधी आईचं कोपर उलटवून पाहिलं.  बंडूनं तिला बटणं दाखवली, क्रम सांगितला, वायर दाखवली, सुमित्राकडून तीनदा आवाज बंद करवला आणि तीनदा स्वयंपाकघरातून आला.

"बाबा, हे काय इन्स्पेक्शन आहे का? आई आहे ती."

"चालतं की नाही ते बघ."

"चालतं. छान चालतं. चहा टाकते."

बंडू तिच्यामागून आत गेला. प्रतिमानं पातेलं चढवलं आणि वळली. त्याला ऐकू यावं म्हणून ती मोठ्यानं बोलत होती. तो तर नेहमीच मोठ्यानं बोलत असे.

"उद्याची गाडी आहे. आईचे कपडे आज भरते."

"कशाला? सांगितलं ना, आता होणार नाही तसं."

"आणि तुम्हीच पडलात तर? न्हाणीत पाय सरकला तर? ती बटण दाबत बसेल. कोण येईल?"

 बंडूचा आवाज आणखी चढला. "पाच महिने केलं ना मी? एक दिवस चुकलो? औषध चुकलं? जेवण चुकलं?"

"मंगळवार चुकला, बाबा."

"तो मी दुरुस्त—"

बंडू मध्येच थांबला. प्रतिमाला हातानं बाजूला सारून तो दारातून बाहेर पडला.

"बाबा! मी बोलून राहिले ना!"

तो तोपर्यंत सुमित्रासमोर गुडघ्यांवर बसला होता. तिचे खांदे, मान, उजवा हात चाचपून पाहत होता. ती सरळ बसलेली होती. रिमोट मांडीवर, अंगठा मण्यावर. पडद्यावर माणसं बिनआवाजाची तोंडं हलवत होती.

"घसरलीस? दुखतं कुठं?"

"नाही."

प्रतिमा दारात आली. तिनं टीव्हीकडे पाहिलं आणि आवाज गेल्याचं तिला आत्ता कळलं. ती दारातच उभी राहिली.

"दोघं माझ्यावरून भांडून राहिले," सुमित्रा म्हणाली. एकेक शब्द सुटा करून, बंडूला ओठ दिसतील अशी त्याच्याकडे तोंड करून. "तिकिटं मला मंगळवारीच कळली. मला विचारलं... कोणीच नाही."

प्रतिमा खाली बसली. "विचारते आई. चल ना माझ्याकडे."

"नाही येत. हे घर आहे माझं."

बंडूनं मान वर करून मुलीकडे पाहिलं. तपासणीत नग पास झाल्यासारखं त्याच्या चेहऱ्यावर काही आलं. सुमित्रानं डावा हात उचलला.

"थांबा. आंघोळीला बाई पाहिजे."

बंडूला वाटलं, ओठ वाचायला आपण चुकलो. "मी घालतो की आंघोळ. रोज आठला."

"घालता. पण तुमचे हात लागतात मला. खरखरीत आहेत. कातडी सोलते."

बंडूनं आपले तळवे उलटे-सुलटे करून पाहिले. घट्टे दगडासारखे, बोटांत लोखंडाच्या कणांचे निळे ठिपके. पाच महिन्यांत दीडशे आंघोळी. मनातल्या मनात तो ते आपलं सगळ्यात चोख काम समजत आला होता.

"आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं," सुमित्रा म्हणाली. "पुष्कळदा. तुमच्याकडे पाठ करून सांगत होते. तुम्ही पाठ घासत होते."

 प्रतिमानं वडिलांकडे बघायचं टाळलं.

बंडू म्हणाला, "भानुमतीबाईंकडे एक बाई येते. सकाळी रिकामी असते, असं त्या म्हणाल्या होत्या."

"दुपारीही दोन तास थांबू दे तिला," प्रतिमा म्हणाली. "तुमच्यासाठी. तुम्ही पडलात तर."

घरातलं काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेणं बंडूला आजवर कधी मान्य नव्हतं. त्यानं तळवे एकमेकांवर घासून पाहिले.

"थांबू दे," तो म्हणाला.

प्रतिमानं फोन काढला आणि दोन तिकिटांतलं एक रद्द केलं. बंडू भिंतीला धरून उठला, चपला घातल्या.

"आत्ता कुठं? संध्याकाळी जा ना, बाबा. चहा तरी घ्या."

"उद्या आठला आंघोळ असते," बंडू म्हणाला आणि भानुमतीबाईंच्या दाराकडे निघाला.